अर्धे मेल पोचतात, अर्धे हरवतात: एका ‘उर्फ’चं प्रकरण

शनिवारी संध्याकाळी संकेतस्थळ नव्या जागी हललं. रविवार-सोमवार सगळे खुशीत होते. पानं पटकन उघडत होती, फोटो नीट दिसत होते. गुरुवारी सकाळी सचिवबाईंचा फोन आला. “अहो, आपले मेल येतायत, पण सगळे येत नाहीयेत.”

या कामात याहून वाईट वाक्य नाही. मेल साफ बंद पडला तर बरं. काहीतरी तुटलंय, शोधायचं आणि जोडायचं. अर्धवट चालणाऱ्या गोष्टीत मात्र प्रत्येकाकडे आपापला पुरावा असतो. ज्याचा मेल पोचला तो म्हणतो सगळं ठीक आहे, ज्याचा परत आला तो म्हणतो सगळं बंद आहे, आणि दोघंही खरं बोलत असतात.

संस्था छोटी, स्वयंसेवकांवर चालणारी. तिचं खरं नाव देत नाही, त्याऐवजी एक्झाम्पल.ऑर्ग म्हणू. हे नाव आणि त्याची एक्झाम्पल.कॉम, एक्झाम्पल.नेट ही भावंडं १९९९ साली फक्त उदाहरणांसाठी म्हणून रीतसर बाजूला काढून ठेवली आहेत, त्यामुळे चुकून कुणाच्या दाराचा पत्ता छापला जायची भीती नाही.

त्यांच्याकडे एक्झाम्पल.ऑर्ग हे मुख्य डोमेन होतं, आणि त्याच्यापुढे तीन डब्ल्यू लावलेलं नेहमीचं रूप. मेंबर्स.एक्झाम्पल.ऑर्ग या नावाखाली सभासदांचा विभाग, तो वेगळ्याच सर्व्हरवर. इव्हेंट्स.एक्झाम्पल.ऑर्ग हे दोन वर्षांपूर्वीच्या एका संमेलनासाठी काढलेलं आणि मग विसरलेलं नाव. एक्झाम्पल.नेट हे जुनं डोमेन. त्या नावाने छापलेली पत्रकं अजून लोकांच्या कपाटात आहेत. मेल तिसऱ्याच कंपनीकडे. म्हणजे नावं एकाच कुटुंबातली, पण त्यांच्यामागची यंत्रं चार ठिकाणी. ही मांडणी सर्रास दिसते आणि तिच्यात काही चूक नाही.

चूक झाली ती संकेतस्थळ हलवताना. नव्या होस्टिंग कंपनीच्या सूचनेत एक ओळ होती: तुमच्या डोमेनचा सीनेम (म्हणजे नावाला उर्फ लावणारी नोंद) आमच्या या पत्त्याकडे वळवा. संस्थेचं काम बघणाऱ्या तरुण स्वयंसेवकाने ती अक्षरशः पाळली. नंतर तो मला म्हणाला, “दादा, त्यांनी सांगितलं तेवढंच केलं, एक अक्षर जास्त नाही.” ते खरंच होतं.

नाव उजवीकडून वाचायचं

प्रकरण कळायला नावाची रचना कळायला हवी, म्हणून थोडं आडवळण.

पत्ता आपण डावीकडून वाचतो, यंत्रं उजवीकडून. मेंबर्स.एक्झाम्पल.ऑर्ग या नावाच्या अगदी शेवटी, ऑर्गच्याही उजवीकडे, एक न दिसणारा टिंब असतो. तो मुळाचा. मुळापाशी विचारलं तर ऑर्गचा कारभार कोणाकडे आहे ते कळतं. ऑर्गकडे विचारलं तर एक्झाम्पलचा कारभार कोणाकडे ते कळतं. आणि तिथे विचारलं की मेंबर्सचा ठावठिकाणा मिळतो. प्रत्येक पायरीवरचा माणूस फक्त आपल्या खालच्याचा पत्ता सांगतो. टिंबांच्या मधल्या प्रत्येक तुकड्याला जास्तीत जास्त ६३ अक्षरांची मुभा आहे आणि सगळं नाव मिळून २५३ च्या आत बसावं लागतं.

हे सगळं, म्हणजे डीएनएस ही नावांवरून पत्ते शोधायची व्यवस्था, १९८३ साली पॉल मॉकापेट्रिस यांनी आखलं, आणि १९८७ मध्ये त्याचं आजही पायाभूत मानलं जाणारं रूप आलं. त्याआधी साऱ्या जाळ्यावरच्या यंत्रांची नावं एकाच फाइलमध्ये असत, आणि ती फाइल स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये सांभाळली जाई. नवं यंत्र आलं की तिथे कळवायचं, मग बाकीच्यांनी फाइल उतरवून घ्यायची. एकाच यंत्राला टोपणनावं देण्याची सोय त्या फाइलमध्येही होती. म्हणजे ‘उर्फ’ लावायची हौस डोमेनपेक्षा जुनी आहे.

विकत घेतलं जातं ते फक्त एका जागचं नाव: ऑर्गच्या लगेच डावीकडचं. विकत हा शब्दही सैल आहे. खरं तर ते ठरावीक मुदतीच्या भाड्याने मिळतं. त्याच्या डावीकडे तुम्ही हवी तितकी नावं काढा, कुणाची परवानगी नको, जादा पैसे नकोत. तीच सबडोमेन. काटेकोर बोलायचं तर एक्झाम्पल.ऑर्ग हेही ऑर्गचं सबडोमेनच आहे, आणि तीन डब्ल्यू हे एक्झाम्पल.ऑर्गचं. तीन डब्ल्यूंना यंत्राच्या लेखी काहीही खास दर्जा नाही. जुन्या काळी एका संस्थेच्या एका यंत्रावर मेल, दुसऱ्यावर फाइली, तिसऱ्यावर वेब असायचं. तिसऱ्याचं नाव म्हणून ते अक्षरत्रय आलं आणि मुरलं. कित्येकांना वाटतं की तीन डब्ल्यू असलेलं आणि नसलेलं ही एकाच नावाची दोन रूपं आहेत. ती दोन वेगळी नावं आहेत. दोन्हीकडे एकच संकेतस्थळ दिसतं ते कुणीतरी मुद्दाम तशी सोय केलेली असते म्हणून.

पहिला दीड दिवस

तो वाया गेला, आणि दोष माझा.

मेल अधूनमधून हरवतो म्हटल्यावर मी स्पॅमच्या चाळणीवर संशय घेतला. मेल कंपनीच्या मदत कक्षाशी लांबलचक पत्रव्यवहार झाला. त्यांनी नोंदी तपासल्या आणि सांगितलं की जे मेल हरवले म्हणताय ते आमच्या दारापर्यंत आलेलेच नाहीत. मी त्यावर विश्वास ठेवला नाही. मदत कक्षाचं पहिलं उत्तर नेहमी ‘आमच्याकडे सगळं ठीक आहे’ असंच असतं, हा माझा पूर्वग्रह. या वेळी ते बरोबर होते.

धागा सापडला तो अपघाताने. डीएनएसला प्रश्न विचारायचं ‘डिग’ नावाचं एक साधन आहे. एखाद्या नावाबद्दल नेमक्या कोणत्या प्रकारची नोंद हवी ते सांगायचं, की उत्तर समोर येतं. मेल कुठे न्यायचा ते सांगणारी नोंद म्हणजे एमएक्स. घरच्या जोडणीवरून मी एक्झाम्पल.ऑर्गची एमएक्स विचारली: मेल कंपनीचा पत्ता आला, व्यवस्थित. बाहेर पडलो होतो तेव्हा फोनच्या जोडणीवरून तोच प्रश्न पुन्हा विचारला, तर एमएक्स आलीच नाही. त्याऐवजी उत्तर आलं की एक्झाम्पल.ऑर्ग हे दुसऱ्याच नावाचं उर्फ आहे, आणि त्या दुसऱ्या नावाला एमएक्स नाही. दुसरं नाव होतं नव्या होस्टिंग कंपनीचं.

एकच प्रश्न, दोन उत्तरं. आता काय शोधायचं ते कळलं.

उर्फ म्हणजे नेमकं काय

सीनेम या नोंदीच्या नावातच गोंधळ आहे. तिचं पूर्ण रूप ‘कॅनॉनिकल नेम’, म्हणजे अधिकृत, मूळ नाव. पण ही नोंद लावली जाते ती टोपणनावावर, आणि ती बोट दाखवते मूळ नावाकडे. त्यामुळे “हे नाव त्याचं सीनेम आहे” असं लोक म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा उलटं बोलत असतात. मी टेबलावर चिठ्ठी ठेवलेली असते: ज्याच्यावर नोंद तो उर्फ, जिकडे बोट तो खरा.

आता सीनेमचा खरा अर्थ बघा. ‘या नावाचा पत्ता तिकडे आहे’ एवढंच ती नोंद सांगत नाही. ती सांगते की ‘हे नाव म्हणजेच ते नाव’. या नावाबद्दल काहीही विचारायचं असेल, वेबचा पत्ता, मेलचा पत्ता, कुठलीही टीप, सगळं तिकडे जाऊन विचारा. म्हणूनच मूळ नियमावलीत स्पष्ट आहे की ज्या नावावर सीनेम आहे त्या नावावर दुसरी कोणतीही नोंद असू नये. माणूस एकाच वेळी ‘मी म्हणजेच तो’ असं म्हणणार आणि वर ‘पण माझी पत्रं मात्र माझ्याकडेच पाठवा’ असंही म्हणणार, हे जमत नाही.

आणि इथेच नग्न डोमेनची पंचाईत होते. नग्न म्हणजे पुढे काहीही न लावलेलं, नुसतं एक्झाम्पल.ऑर्ग. त्या नावावर किमान दोन प्रकारच्या नोंदी असाव्याच लागतात: कारभार कोणत्या सर्व्हरांकडे आहे त्याची, आणि त्या झोनच्या, म्हणजे या डोमेनच्या नोंदींच्या संचाच्या, मुखत्यारीची. या काढता येत नाहीत. त्यात बहुतेकांच्या एमएक्स नोंदीही तिथेच असतात, कारण मेलचे पत्ते ‘अमुक अॅट एक्झाम्पल.ऑर्ग’ असे असतात. म्हणजे नग्न डोमेनवर सीनेम बसूच शकत नाही. तीन डब्ल्यूंवर खुशाल बसवा, मेंबर्सवर बसवा, नग्न नावावर नाही.

बाइंडसारखा कडक डीएनएस सर्व्हर अशी झोन फाइल लोडच करत नाही. सीनेमसोबत इतर नोंदी आहेत असं सांगून थांबतो. संस्थेचं डीएनएस ज्या पॅनेलवर, म्हणजे नोंदी भरायच्या वेबपानावर, होतं ते मात्र उदार होतं. त्याने सीनेमही ठेवलं, एमएक्सही ठेवल्या आणि वर हिरवी खूणही दाखवली. बिचाऱ्या मुलाला हिरव्या खुणेवर अविश्वास दाखवायचं काही कारण नव्हतं.

अर्धेच का हरवायचे

हा या प्रकरणातला मला सर्वांत आवडलेला भाग आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मेल पाठवणारा सर्व्हर स्वतः मुळापासून चौकशी करत बसत नाही. तो जवळच्या रिझॉल्व्हरला विचारतो. रिझॉल्व्हर चौकशी करून उत्तर आणतो आणि ते काही काळ जपून ठेवतो. किती काळ, ते उत्तरातच लिहिलेलं असतं. त्याला टीटीएल म्हणतात. आमच्या सीनेमवर ते ८६४०० सेकंद होतं, म्हणजे अख्खा दिवस.

समजा एका मोठ्या कार्यालयाच्या रिझॉल्व्हरला सकाळी कुणीतरी संस्थेचं पान उघडण्यासाठी एक्झाम्पल.ऑर्गचा पत्ता विचारला. उदार पॅनेलने उत्तर दिलं: हे उर्फ आहे, तिकडे जा. रिझॉल्व्हरने ते दिवसभरासाठी वहीत लिहून ठेवलं. तासाभराने त्याच कार्यालयातून कुणी संस्थेला मेल पाठवला. आता प्रश्न एमएक्सचा. पण वहीत तर लिहिलंय की हे नाव म्हणजेच ते नाव. मग रिझॉल्व्हर पुन्हा आमच्याकडे येतोच कशाला? तो होस्टिंग कंपनीच्या नावाची एमएक्स विचारतो, ती नसते. एमएक्स नसेल तर त्या नावाच्या वेब पत्त्यावरच मेल देऊन बघावा असा मेलचा जुना नियम आहे. पाठवणारा सर्व्हर तिकडे जातो. तिथे मेल घेणारं कुणी नाही, दार ठोठावून परत येतो, थोड्या वेळाने पुन्हा जातो.

दुसऱ्या एका ठिकाणी मेल सर्व्हरचा रिझॉल्व्हर त्याच्यापुरता वेगळा होता. तिथून कुणी संकेतस्थळ बघतच नव्हतं, म्हणून वही कोरी. एमएक्सचा प्रश्न थेट आमच्या पॅनेलकडे आला, पॅनेलने एमएक्स दिली, मेल पोचला.

म्हणजे ज्यांना संस्थेबद्दल जास्त आस्था, जे आधी पान उघडून मग लिहायचे, नेमके त्यांचेच मेल हरवत होते.

तक्रार यायला गुरुवार का उजाडला तेही यातच आहे. मेल पोचत नसेल तर पाठवणाऱ्याने चार-पाच दिवस तरी प्रयत्न करत राहावं असं नियमावली सुचवते. रविवारचे मेल चार दिवस रांगेत उभे होते आणि गुरुवारी ‘पोचवता आला नाही’ अशा शेऱ्यासह परत फिरले. संस्थेकडून बाहेर जाणारे काही मेलही त्याच आठवड्यात स्पॅममध्ये पडले होते, कारण ‘आमच्या नावाने मेल पाठवायचा अधिकार या सर्व्हरांना आहे’ असं सांगणारी नोंदही नग्न डोमेनवरच होती आणि तीही सीनेमच्या आड झाकली गेली होती.

चार जण, चार उर्फ

शुक्रवारी दुपारी आम्ही सगळे एका कॉलवर जमलो. होस्टिंगचा प्रतिनिधी, मेल कंपनीची एक बाई, स्वयंसेवक, सचिवबाई आणि मी. पहिली वीस मिनिटं प्रत्येकाच्या तोंडी ‘एलियस’ हा एकच शब्द होता आणि कुणाला कुणाचं काही कळत नव्हतं.

स्वयंसेवकाचा एलियस म्हणजे डीएनएसमधलं सीनेम, वर सांगितलं तेच.

होस्टिंगवाल्याचा एलियस त्यांच्या सर्व्हरवरचा. एका यंत्रावर शेकडो संकेतस्थळं राहतात, पत्ता सगळ्यांचा एकच. कोणाला कोणतं पान द्यायचं ते सर्व्हर कसं ओळखतो? ब्राउझर प्रत्येक विनंतीत ‘मला अमुक नावाचं पान हवंय’ असं लिहून पाठवतो. हे होस्ट नावाचं शीर्षक १९९७ सालच्या एचटीटीपी १.१ (ब्राउझर आणि सर्व्हरच्या बोलण्याचे नियम) पासून सक्तीचं आहे. सर्व्हरच्या यादीत ते नाव असेल तर पान मिळतं, नसेल तर ‘असं संकेतस्थळ इथे नाही’. एकाच संकेतस्थळाला यादीत दुसरं नाव जोडणं म्हणजे त्यांचा एलियस. अपाचे या वेब सर्व्हरमध्ये तर त्या सूचनेचं नावच ‘सर्व्हरएलियस’ आहे.

मेल कंपनीच्या बाईंचा एलियस म्हणजे एकाच पेटीत पडणारा दुसरा मेल पत्ता.

आणि सचिवबाईंचा एलियस सगळ्यांत सरळ होता. “जुन्या नावावर कुणी आलं तर ते आपोआप नव्या नावावर जावं. तोच ना एलियस?” तर नाही. ते वळवणं, रीडायरेक्ट. त्यात ब्राउझरला सांगितलं जातं की तू दुसऱ्या पत्त्यावर जा, आणि वरच्या पट्टीतलं नाव बदलतं. डीएनएसला हे करता येत नाही. डीएनएस फक्त नावावरून यंत्र सांगतं. पान, पट्टी, ब्राउझर यांची त्याला गंधवार्ता नसते.

स्वयंसेवकाने जुन्या नावासाठी हेच गृहीत धरलं होतं. एक्झाम्पल.नेटच्या तीन डब्ल्यूंवर त्याने एक्झाम्पल.ऑर्गकडे बोट दाखवणारं सीनेम लावलं आणि जुने लोक नव्या घरी येतील म्हणून निश्चिंत झाला. ब्राउझर योग्य यंत्रावर पोचत होता, यात शंका नाही. पण तिथे पोचून तो म्हणत होता, ‘मला एक्झाम्पल.नेट हवंय’. उर्फ कुणाचं आहे हे रिझॉल्व्हरला कळतं, ब्राउझर मात्र वापरणाऱ्याने टाकलेलंच नाव धरून बसतो. सर्व्हरच्या यादीत ते नाव नव्हतं. आणि त्याच्याही आधी, त्या नावाचं प्रमाणपत्र, म्हणजे सर्व्हर खरंच त्या नावाचा आहे याचा ब्राउझरला लागणारा दाखला, नव्हतं, म्हणून लाल इशारा. पत्रकावरचा पत्ता टाकून येणाऱ्या माणसाला पहिल्यांदा दिसायचं ते ‘ही जोडणी सुरक्षित नाही’. जुन्या सभासदांपैकी किती जण तिथूनच परत गेले असतील ते देव जाणे.

दुरुस्ती

मुख्य काम दहा मिनिटांचं होतं. नग्न डोमेनवरचं सीनेम काढलं. तिथे होस्टिंग कंपनीने दिलेल्या अंकी पत्त्याची साधी ए नोंद लावली, सोबत आयपीव्ही-६ या नव्या, लांब अंकी पत्त्यांसाठीची. सीनेम फक्त तीन डब्ल्यूंवर ठेवलं.

होस्टिंग कंपन्या सीनेमचा आग्रह धरतात त्याला कारण आहे. त्यांना आपल्या यंत्रांचे अंकी पत्ते बदलायची मोकळीक हवी असते. नाव दिलं की मागचा पत्ता कधीही बदलता येतो, अंक दिले की ग्राहकाला कळवत बसावं लागतं. यावर काही डीएनएस कंपन्यांनी मधला मार्ग काढला आहे. कुणी त्याला एलियस नोंद म्हणतं (हा पाचवा एलियस!), कुणी एनेम, कुणी सीनेम सपाट करणं. पॅनेलमध्ये तुम्ही नाव लिहायचं, त्यांचा सर्व्हर गुपचूप त्या नावाचा अंकी पत्ता काढतो आणि बाहेर साधी ए नोंद म्हणून देतो. जगाला सीनेम दिसत नाही, एमएक्स सुखरूप राहते. २०२३ मध्ये याच दुखण्यासाठी एक नवी एचटीटीपीएस नावाची नोंदही प्रमाणित झाली. ती फक्त वेबपुरतं उर्फ सांगते, मेलला हात लावत नाही. कल्पना सुंदर आहे, पण प्रत्येक जुना ब्राउझर ती विचारत नाही, त्यामुळे नुसत्या तिच्यावर भिस्त ठेवण्याइतका मी धीट नाही.

संस्थेचं पॅनेल यातलं काहीच देत नव्हतं. म्हणून मी ठरवलं की खरं नाव तीन डब्ल्यूंचं, आणि नग्न नाव फक्त तिकडे वळवणारं. आजकाल तीन डब्ल्यू जुनाट दिसतात अशी कुरकुर झाली. दिसोत. त्यांच्यावर सीनेम लावता येतं, आणि कुकी, म्हणजे लॉगिन लक्षात ठेवणारी ब्राउझरमधली चिठ्ठी, फक्त त्या एका नावापुरती ठेवता येते, हे दोन फायदे मला दिसण्यापेक्षा मोठे वाटतात. सभासदांना नग्न नावावर लॉगिन करून तीन डब्ल्यूंवर गेलं की पुन्हा लॉगिन विचारलं जायचं, तो त्रासही एकच नाव खरं ठरवल्यावर बंद झाला.

प्रमाणपत्राबद्दल एक खाचखळगा. तारांकित प्रमाणपत्र घेतलं की सगळी सबडोमेन झाकली जातात असं मानतात. तारा एकाच पायरीपुरता असतो. ‘तारा.एक्झाम्पल.ऑर्ग’ मध्ये मेंबर्स बसतं, पण मेंबर्सच्याही डावीकडे आणखी एक नाव लावलं तर ते बसत नाही, आणि नग्न एक्झाम्पल.ऑर्गही बसत नाही. ते वेगळं लिहून घ्यावं लागतं.

जुन्या नावासाठी: एक्झाम्पल.नेटची दोन्ही रूपं होस्टिंगच्या यादीत जोडली, त्यांची प्रमाणपत्रं काढली, मग ३०१ क्रमांकाचं कायमचं रीडायरेक्ट, पानाचा पुढचा मार्ग जसाच्या तसा ठेवून. वळवण्याआधी प्रमाणपत्र लागतं, कारण सुरक्षित जोडणी जुळल्याशिवाय सर्व्हरला ‘तिकडे जा’ एवढंही सांगता येत नाही.

यात मी स्वतः दोन घोळ घातले. पहिला टिंबाचा. मेंबर्सची नोंद लिहिताना शेवटचा तो न दिसणारा टिंब मी लिहिला नाही. या पॅनेलमध्ये टिंब नसेल तर नाव अपुरं समजून पुढे डोमेन चिकटवलं जातं, आणि माझं बोट ‘…एक्झाम्पल.ऑर्ग.एक्झाम्पल.ऑर्ग’ अशा दुहेरी शेपटीच्या नावाकडे गेलं. सुदैवाने मी टीटीएल आधीच ३०० सेकंदांवर आणला होता, म्हणून सभासदांचा विभाग पाचेक मिनिटंच बंद राहिला. दुसरा घोळ घाईचा. एक नवं नाव नोंदवण्याआधीच ते लागलं का म्हणून विचारून पाहिलं. रिझॉल्व्हर ‘असं नाव नाही’ हे उत्तरसुद्धा जपून ठेवतो. पुढचा तासभर मी अस्तित्वात असलेल्या नावाला ‘नाही’ म्हणताना बघत बसलो.

दुरुस्तीनंतर होस्टिंगवाला म्हणाला, “आता प्रोपगेशनला २४ तास लागतील.” हा शब्द मला खटकतो. नवी नोंद जगभर हळूहळू पसरत वगैरे नसते. ती आमच्या सर्व्हरवर त्याच क्षणी असते. वाट बघायची असते ती इतरांच्या वहीतलं जुनं उत्तर शिळं होण्याची, आणि ते किती वेळाने होईल हे बदल करण्यापूर्वी आपणच ठरवलेलं असतं. शनिवारी स्थलांतराच्या दोन दिवस आधी टीटीएल कमी केला असता, तर चुकीच्या सीनेमची वहीतली नोंदही काही मिनिटांत पुसली गेली असती. आम्हाला शनिवार दुपारपर्यंत थांबावं लागलं. त्यानंतर रांगेत ताटकळलेले मेल एकामागून एक येऊ लागले. काही तीन दिवसांपूर्वीचे. सचिवबाईंनी प्रत्येकाला माफीचा मेल पाठवला.

लोंबकळणारं नाव

सगळ्या नोंदी एकेक करून वाचताना इव्हेंट्स.एक्झाम्पल.ऑर्ग समोर आलं. त्याच्यावर सीनेम होतं, एका नोंदणी सेवेकडे बोट दाखवणारं. संमेलन संपल्यावर संस्थेने तिथलं खातं बंद केलं. सीनेम तसंच राहिलं.

पान उघडलं तर सेवेचाच ‘हे नाव अजून कुणी घेतलेलं नाही’ असा मजकूर दिसत होता. अशा वेळी कुणीही अनोळखी माणूस त्या सेवेवर नवं खातं उघडून, अनेकदा फुकटात, हे नाव आपलं म्हणून नोंदवू शकतो. मग इव्हेंट्स.एक्झाम्पल.ऑर्गवर तो हवं ते दाखवेल, आणि पत्त्यात नाव संस्थेचं असेल. देणगीचं खोटं पान टाकलं तर सभासदाने ओळखायचं कसं? वर, सभासद विभागाची कुकी संस्थेच्या सगळ्या सबडोमेनना मिळेल अशी लावलेली होती. म्हणजे लॉगिन केलेला सभासद त्या पानावर गेला असता तर त्याची किल्लीही तिकडे गेली असती.

मेल हरवत होते ते सगळ्यांना दिसलं म्हणून आरडाओरडा झाला. हे दोन वर्षं शांतपणे उघडं होतं. नोंद काढायला अर्धा मिनिट लागला. कुकी मेंबर्सपुरती आखून घ्यायला त्या सर्व्हरच्या माणसाला आठवडा लागला. कोणी हे नाव बळकावल्याची खूण आम्हाला मिळाली नाही.

जुन्या नावाचं काय

शेवटी सचिवबाईंनी विचारलं, “रीडायरेक्ट झालंय, लोक नव्या नावाला सरावतील. मग वर्षभराने जुनं सोडून दिलं तर चालेल ना?”

चालेलसं वाटत होतं. डोमेनचं नूतनीकरण थांबवलं की ते लगेच जात नाही. रजिस्ट्रारची, म्हणजे नाव नोंदवून देणाऱ्या कंपनीची, काही सवलत असते, मग नेटसारख्या नावांना ३० दिवस जादा पैसे भरून परत मिळवायची मुभा, नंतर ५ दिवस ते कुणालाच मिळत नाही, आणि मग ते सगळ्यांना खुलं होतं. तेव्हा ते कुणी घेतलं, तर छापील पत्रकांवरचा पत्ता त्याचा.

मी म्हटलं, आधी एक यादी करू. जुन्या नावाच्या मेल पत्त्यावर अजून काय काय येतं ते बघू. संस्थेचे जुने पत्ते नव्या पेट्यांना उर्फ म्हणून जोडलेले होते, मेल कंपनीच्या बाई म्हणत होत्या तसे, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नव्हतं की कोणता मेल कोणत्या नावावर येतोय. आठवडाभर आम्ही ते वेगळे काढून पाहिले. दोन-तीन वर्गण्यांच्या पावत्या, एक-दोन जुने देणगीदार. आणि रजिस्ट्रारचं एक पत्र.

एक्झाम्पल.ऑर्ग ज्या खात्यात नोंदलेलं होतं, त्या खात्याचा पासवर्ड विसरला तर नवा पासवर्ड जाणार होता तो पत्ता एक्झाम्पल.नेटवरचा होता. जुनं नाव सोडलं असतं, तर ते उचलणाऱ्याला नव्या नावाची किल्ली टपालाने घरपोच मिळाली असती.

सचिवबाईंनी खात्यातला पत्ता त्याच संध्याकाळी बदलला. एक्झाम्पल.नेटचं नूतनीकरण त्यांनी आणखी ५ वर्षांसाठी करून टाकलं.